खरपुडीची जागा

भवानीनगर, ता. इंदापूर
३ फेब्रुवारी १९९७

सारजा,

आन् वर फोटोबी तुझाच. डोक्यावर पदर, हातात वेल, आन् तोंड असं केलंयस की जणू सुप्याचा माळ तुझ्या बापानं तुला आंदण दिलाय. जय भीम लिहायचं राहिलं, ते घे. खुशाली विचारणार न्हाय. कालपासनं माझ्या अंगाची लाही झालीय आन् ती तुझ्यापायी झालीय.

बारामतीला शेतीचं प्रदर्शन होतं. शेजारच्या विजयमालाबाई त्यांच्या जीपमधनं घेऊन गेल्या. त्या बागायतदारीण, त्यांना उसाचं नवं बेणं बघायचं होतं. मी आपली हवा खायला. तितं एका मांडवात रानातल्या झाडाझुडपांचं बी मांडलेलं. बारामतीत म्हणं रानातल्या बियांची बँक हाय. लोक पैसं ठेवतात तसं हे बी ठेवतात, वाळवून, गार पेटीत, वरसानुवरसं. रानातनं झाड गेलं तरी बी राहावं म्हणून. म्हटलं बघावं तरी. बघते तर काचंच्या बारक्या बरणीत चिमूटभर बी, वर तुझा तो फोटो आन् खाली चिठ्ठी. मी साक्षरता वर्गाला जाऊन शिकलेली बाई, मला अक्षर लावायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचलं. "खरपुडी. देणार सारजाबाई महिपती सोनवणे, सुपे परिसर."

विजयमालाबाई म्हणाल्या, तुमच्या माहेरच्या दिसतात, लई हुशार हायेत की. मी व्हय म्हणले. काय सांगणार? ही माझी भावजय, सणसरची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली, लगीन होऊन आली तवा तरवड आन् टाकळा हिला सारखाच दिसायचा, हे मांडवातल्या लोकांपुढं सांगू?

खरपुडी कुणाची, सांग. शेरडं राखायला जायची मी. म्हशीच्या शेपटावाणी बारका वेल, गवतात दिसायचाबी न्हाय, तो मला दिसायचा. दगडानं उकरायचं, कंद पदराला पुसायचा आन् खायचा. महिपती पाळण्यात होता तवापासनं मी खरपुडी खातीय. आन् आय गेली त्याच्या आदी मी तिला दर खेपंला विचारायचे, आगं कुठं एखादी राहिलीय का. ती म्हणायची, संपली बाई, आता कुठली खरपुडी.

मंग तुला कुठं घावली?

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात त्यातली गत झाली. कुठं घावली, कुणी दाखवली आन् चिठ्ठीवर नाव लिहायला कुणी सांगितलं, ते सरळ लिही. गोड बोलून पत्र भरू नको.

ताईबाई


सुपे
१९ फेब्रुवारी १९९७

वन्सं यांना सारजाचा सप्रेम जय भीम.

तुमचे पत्र मिळाले. ह्यांना वाचून दाखवले नाही. ते विचारत होते, आक्का काय म्हणते. मी म्हटले, बरी आहे.

फोटोचे सांगते. बारामतीच्या ज्योत्स्ना म्याडम हरणांच्या जंगलात गवत बघायला यायच्या. ऊन फार झाले की आपल्या पडवीला बसायच्या. एकदा त्यांनी आपणहून विचारले की माळावर पूर्वी असलेले आणि आता न दिसणारे काही माहीत आहे का. मी खरपुडी म्हटले. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. फोटो आणि नाव त्यांनी घातले. मी प्रदर्शनाला गेलेच नाही, त्या दिवशी ज्वारी काढायची होती.

बी काढणे सोपे नाही, वन्सं. खरपुडीच्या शेंगा जोडीने येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. त्या वाळून फुटल्या की बी कापसाला लागून म्हातारी होऊन उडते, हाती काही लागत नाही. म्हणून फुटायच्या आधी एकेका शेंगेवर पातळ फडके बांधायचे आणि रोज जाऊन बघायचे. पहिल्या वर्षी मी फडके आवळून बांधले तर शेंगा आत कुजल्या. म्याडम फार बोलल्या मला. दुसऱ्या वर्षी जमले ते त्या बरणीत आहे. थोडेच आहे.

जागा मला आत्यांनीच, तुमच्या आईंनीच दाखवली, त्या आजारी पडल्या त्याच्या आदल्या पावसाळ्यात. हाताला धरून नेले आणि कुणाला सांगू नको म्हणाल्या. म्याडमना दाखवावी लागली, तेवढा शब्द माझ्याकडून मोडला. आता आणखी मोडायला लावू नका.

तुमच्यासाठी हुरडा वाळवून ठेवला आहे. कुणी येणारे असेल तर पाठवते.

तुमची
सारजा


भवानीनगर
६ मार्च १९९७

सारजा,

सातवीपर्यंत शाळा शिकलीस म्हणून आहे-नाही करत बाईंवाणी लिहितेस, आन् आत सुरी ठेवतेस. "कुणाला सांगू नको." कुणाला म्हंजे पोटच्या लेकीलाबी?

मला रीत ठाऊक हाय, शिकवू नको. मुळीची जागा लेकीला दाखवत न्हाईत, सुनंला दाखवतात. लेक परक्या घरी जाती, सून त्याच घरात मरती. पर ती रीत औषधाच्या मुळीची. साप चावल्याची, बाळंतिणीची. खरपुडी काय औषध हाय? पोरांचं खाणं हाय ते. ज्या पोरीनं खाल्लं तिच्यापासनं लपवायचं आन् जिनं तोंडात घातलं न्हाय तिला हाताला धरून न्यायचं? मला हाताला धरून तिनं फकस्त एस.टी.त बसवलं.

आयचं जातं तुझ्याकडं, लुगडी तुझ्याकडं, मी कधी काय म्हणले? तिच्या दुखण्यात तू हागलं-मुतलं काढलंस, तेबी मी चार माणसांत सांगते. पर हे मला सहन व्हईना. मालक कारखान्यातनं आले आन् मी चुलीपुढं बसून तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचत होते. म्हणाले, तुला काय शेरडाच्या चाऱ्याचा हेवा वाटतोय का? मी म्हणले व्हय.

मी तुझ्या ज्योत्स्ना म्याडमला गाठून आले. बारामतीत त्यांचं हापीस शोधत गेले. म्हणले, मलाबी सांगा कुठलं बी आणायचं ते, मी तिच्यापेक्षा जास्त ओळखते. त्या बऱ्या बोलल्या, च्या दिला. मंग विचारलं, तुमच्या भवतीनं काय काय उगवतं? मी इचार केला. खरंच लई इचार केला. आन् म्हणले, ऊस. बांधावर काय उगवाय लागलं की मालक फवारा मारतात. त्या हसल्या न्हाईत. पर त्यांनी काय लिहूनबी घेतलं न्हाय.

त्या खोलीतनं बाहेर पडताना मला जे वाटलं ते तुला या जन्मी वाटायचं न्हाय.

उन्हाळ्यात मी येते. तू मला जागा दाखवायची. विषय संपला.

ताईबाई


सुपे
२८ मार्च १९९७

वन्सं यांना सप्रेम जय भीम.

जरूर या. घर तुमचेच आहे. पण उन्हाळ्यात खरपुडी दिसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. वेल वाळून जातो आणि कंद जमिनीत झोपतो. त्यापेक्षा १४ ऑक्टोबरला या. विहारात कार्यक्रम असतो, गोड जेवण असते, ह्यांनाही बरे वाटेल.

जागेचे मात्र विचारू नका. तुम्ही विचाराल आणि मी नाही म्हणेन, आणि सणाच्या दिवशी दोघींची तोंडे वाईट होतील.

सारजा


सुपे
९ नोव्हेंबर १९९७

वन्सं यांना सप्रेम जय भीम.

हे पत्र मी रडून झाल्यावर लिहीत आहे, म्हणजे अक्षर नीट येईल.

तुम्ही आलात तेव्हा सगळे किती चांगले झाले. तुम्ही जागेचा विषयही काढला नाही, मला वाटले होते त्यापेक्षा तुम्ही फारच मोठ्या मनाने वागलात. दुसऱ्या दिवशी पहाटेच माळाकडे फिरून आलात आणि भाकरीला न थांबता पहिल्या गाडीने गेलात, तेवढे मनाला लागले. हे थांब्यापर्यंत तुमची पिशवी घेऊन आले ना, घरी येऊन हसत होते. म्हणाले, आक्काने माहेरचे दगड भरून नेले वाटते.

तुम्ही गेलात आणि मला तापाने धरले. दिवाळी अंथरुणातच गेली. परवा पायात जोर आला म्हणून माळावर गेले, तर खरपुडीच्या जागी नुसते खड्डे. एक वेल शिल्लक नाही. बांधलेली फडकी तेवढी गवतात पडलेली, आत कोवळ्या शेंगा वाळून गेलेल्या. म्हणजे या वर्षाचे बीही गेले. हे म्हणाले, साळिंदराचे काम, त्याला कंदाचा वास येतो. मी म्याडमना निरोप पाठवला. त्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि खड्ड्यांशेजारी मांडी घालून बसल्या. मग म्हणाल्या, सारजाबाई, आता बरणीत आहे तेवढीच खरपुडी आपल्याकडे.

आत्यांनी मला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण हे दुसऱ्या कुणाजवळ बोलणार मी.

सारजा


भवानीनगर
२ डिसेंबर १९९७

सारजा,

जय भीम. झालं ते झालं. साळिंदरच असंल. न्हायतर मेंढरामागची पोरं. रडून काय व्हायचंय?

आता मी बोलले तर तुला लागंल, पर बोलते. तुला राखायला दिली आन् तुझ्याच्यानं राखवली न्हाय. उघड्या माळावर, ना कुंपण ना पाणी, असं कुठं झाड राखतात का? माझ्या दारात असती तर नळाजवळ राहिली असती. हाताखाली, डोळ्यापुढं. लेकीला दाखवली असती तर हे झालं नसतं. जाऊ दे.

थंडी वाजाय लागलीय. कारखाना जोरात चालू हाय, रस्त्यानं नुसत्या बैलगाड्या. तुझा ताप कसा हाय? गुळवेलाचा काढा घे.

एक विचारायचं होतं. विजयमालाबाईंनी कुठनंसे असलेच कंद आणलेत. खरपुडीच असंल असं न्हाय, तशातलंच कायतरी. परसात लावलेत. जमीन काळी, कसदार, वर कारखान्याची मळी घातलीय, दोन्ही वेळंला पाणी. तरी पानं पिवळी पडाय लागलीत. आठ-दहा वेल होते, आता चार-पाचच हिरवे दिसतात. पाणी कमी पडतंय का? का राख घालायची? त्यांना लई काळजी लागून राहिलीय, सकाळ-संध्याकाळ उकिडव्या बसून बघतात. तुला म्याडमनी काय सांगितलं असंल तर लगोलग कळव.

ताईबाई


सुपे
७ डिसेंबर १९९७

वन्सं,

विजयमालाबाईंना सांगा, हे पत्र वाचल्याबरोबर पाणी तोडा. एक थेंबही घालू नका. कंद हळूच काढा, मऊ लागतील ते दूर टाका, कडक असतील त्यांची माती झाडा, धुऊ नका. सावलीत वाळवून कोरड्या वाळूत घाला आणि पावसाळ्यापर्यंत हात लावू नका. काळी जमीन, मळी, दोन वेळचे पाणी, एवढे लाड त्याला झेपत नाहीत. तो मुरमात वाढलेला जीव आहे. हे आधी करा. बाकीचे पत्र नंतर वाचा.

केलेत का?

आता ऐका. साळिंदर कंद खाते, वेलावरची फडकी उतरवून ठेवत नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होते, पण तुमच्याविषयी तसे मनात येईना. जागा मी दाखवली नाही, आणि माझ्याच फडक्यांनी तुम्हाला दाखवली. पांढरी फडकी लांबून दिसतात. मी शेंगा राखायला बांधली, तुम्ही माग काढायला वापरली. ह्यांना मी अजून काही बोलले नाही. पिशवी त्यांनी स्वतः उचलली होती, ते त्यांना सहन होणार नाही.

तुम्ही रीतीचे लिहिले होते. लेक परक्या घरी जाते म्हणून दाखवली नाही असे तुम्ही धरून चाललात, आणि मीही तुम्हाला तसेच धरू दिले. आत्यांचे शब्द मी मुद्दाम लिहिले नव्हते. आज लिहिते. हाताला धरून नेताना त्या म्हणाल्या, "ताईबाईला कळू देऊ नको. ती मायेनं खणून न्हेईल."

तुम्हाला माझा हेवा वाटतो. वन्सं, मी पाटाकाठची मुलगी, कोरड्या माळावर आले. तुम्ही माळावरून पाटाकाठी गेलात. माझ्या माहेरचे पाणी तुमच्या घरी पोचले, तुमच्या आईचे दुखणे माझ्या घरी राहिले. मी भाकरी भरवायचे आणि त्यांचे डोळे भवानीनगरच्या रस्त्याकडे. ताईची गाडी आली का? मी समोर बसलेली असायची. मला कुणी कधी विचारले का, तुला काय वाटते? एका बरणीवर माझे नाव आले, जन्मात पहिल्यांदा कशावर तरी आले, तेही तुम्हाला बघवले नाही.

म्याडम पावसाळ्याच्या तोंडावर बरणीतले निम्मे बी माळावर परत पेरायला देणार आहेत. जागा नवीन असेल. ती मी एकटी ठरवणार आणि एकटीच पेरणार. तसे त्यांना सांगितले आहे.

सारजा


भवानीनगर
२४ मे १९९८

सारजा,

जय भीम. तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं न्हाय, कारण राग आलता. अजून हाय. तुझ्यावर किती, आयवर किती आन् माझ्यावर किती, ते मी मोजत बसले न्हाय.

विजयमालाबाईंचं नाव घेतलं ते उगीच. त्यांना खरपुडी कशाशी खातात ठाऊक न्हाय. परस माझं, मळी मी घातली, पाणी मी घातलं. मी काय वाईटावर होते का? हितं ऊस वाळला की पाणी, केळ वाळली की पाणी, माणूस चक्कर येऊन पडला तरी आदी पाणी. हितं काय मराया लागलं की आमी पाणी वाढवतो. पानं पिवळी पडली तवा मी दुपारचंबी घालाय लागले.

तुझं पत्र आलं तवा पाणी तोडलं. बाकीचं पत्र नंतर वाच म्हणलीस, तसंच केलं. कंद काढले. हाताला लागताच फुटले, दह्यावाणी. वास असा की मालक म्हणाले, काय मेलंय? एक तेवढा टणक लागला. तो वाळूत घालून कोनाड्यात ठेवला. एकदाबी पाणी घातलं न्हाय, शपथ घेऊन सांगते, हात शिवशिवायचा तरी घातलं न्हाय. परवा चाचपला. वरनं टणक, आत पोकळ. दाबला तर सालीचा चुरा झाला. म्हंजे तोबी कवाच गेलता, मी सगळा उन्हाळा टरफल राखत बसले.

तवा आता बरणी तेवढी राहिली, हे तुझ्याइतकंच मला ठाऊक हाय.

काल मी बारामतीला म्याडमकडं गेले. गुन्हा सांगाय गेलते. म्हणले, साळिंदर मीच. त्या ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाबी ओरडता आलं असतं. मंग मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. बरणीतलं बी जिवंत हाय का ते बघायला त्यांनी थोडं बशीत ओल्या कागदावर ठेवलेलं. सगळं उगवलं नव्हतं. पर काही उगवलेलं. दोऱ्याएवढं बारीक, वर दोन पानं.

सारजे, मी खरपुडी बीपासनं उगवताना उभ्या जन्मात बघितली नव्हती. मला तुझ्यापेक्षा जास्त ओळख हाय म्हणून मी त्याच खोलीत मिजास करून आलते. आमी नुसतं खणलं. मी खणलं, महिपतीनं खणलं, समद्या पोरांनी खणलं, आन् संपली म्हणून आयला विचारत बसलो. तू त्याचं बी धरलंस. पयल्या वर्साला कुजलं, तरी दुसऱ्या वर्साला धरलंस. त्यामुळं ते बशीत उगवलंय. हे मला लिहिताना गोड लागत न्हाय, तरी लिहिते.

म्याडम म्हणाल्या, मिरगाच्या पावसाआदी निम्मं बी सुप्याला न्हेणार. मी म्हणले, मलाबी येऊ द्या. त्या म्हणाल्या, बी देणाऱ्या बाईंनी एकटीनं पेरायचं ठरवलंय, त्यांच्या संमतीबगर मी कुणाला सांगणार न्हाय. जागा कुठली ते मी विचारलं. हसून म्हणाल्या, आता तुम्हाला तर मुळीच न्हाय.

तवा तुझ्याकडं मागते. मला त्या जागंवर यायचंय. तू पुढं चाल, मी मागनं. तू दाखवशील तितं बोटानं भोक पाडीन, एक बी टाकीन, माती सारीन. पाण्याचा शब्द काढणार न्हाय. चिठ्ठीवर माझं नाव नको, म्याडम घालते म्हणल्या तरी घालू देऊ नको. आन् मी आता गरीब गाय झाले असं समजू नको. काल ती बरणी परत बघितली, तुझं नाव बघितलं, आन् हेवा वाटायचा तो वाटलाच. आयनं तुझा हात धरला आन् माझा धरला न्हाय, हे मला मरंपतुर डसत राहणार. माझी वाट बघायची म्हणतेस. व्हय, बघत असंल. वाट बघायची आन् इश्वास ठेवायचा न्हाय, अशी ती होती. त्यातलं एक तुला आलं, एक मला. तुझं तुला कमी वाटतं, माझं मला.

पर मला ती जागा बघायचीच हाय, आन् का ते सांगते. "मायेनं खणून न्हेईल." तुझ्या पत्रातली तेवढी ओळ मला आता पाठ हाय. आय म्हणाली आन् मी तसंच केलं. तिचं म्हणणं खरं झालं आन् ती मेलेली हाय, मला तिच्याशी भांडताबी येत न्हाय. पर पुढच्या श्रावणात वेल वर आलेला असंल, मी त्याच्याजवळ उभी असंन, आन् हात न लावता परत फिरंन. जागा ठाऊक असून परत फिरंन. तवा ती एका लेकीबद्दल चुकली असं व्हईल. ते बघायला ती न्हाय. तू पायजेस. तुझ्याबिगर दुसऱ्या कुणाला दाखवून उपेग न्हाय.

व्हय का न्हाय, एवढंच लिही. कार्डावर लिहिलंस तरी चालंल. शुक्रवारी पाच जूनच्या आत उत्तर माझ्या हातात पडलं पायजे. न्हाय पडलं, तर शनिवारी सकाळच्या गाडीनं मी सुप्याला येते आन् पिशवीत काय होतं ते महिपतीला माझ्या तोंडानं सांगते. मंग तो मला उंबऱ्याच्या आत घेतो का न्हाय, ते तू दारात उभी राहून बघ.

ताईबाई